चोडणची खारफुटी बोट सफर: स्लॉट नको, ओहोटी बघा

दोनदा गेलो म्हणून लिहितोय. पहिल्यांदा पुण्याहून बहीण आली होती, फोनवर सकाळी ९ चा स्लॉट घेतला, गोव्यात रायबंदरहून फेरीबोटीने चोडण बेटावर उतरलो आणि नेमकी फुल्ल भरती. पाणी पार पानांना टेकलेलं, चिखल कुठेच नाही, दीड तास नुसतं हिरवं बघत बसलो. भाचा विचारतोय खेकडे कुठायत, गाईड म्हणतो खाली आहेत. खालीच असणार ना! भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते, हे बुकिंग घेणाऱ्याला माहीत नसेल असं कसं मानायचं? २ स्टार, ते पण वाऱ्याचे.

दुसऱ्यांदा दुसरा होडीवाला धरला आणि ओहोटी लागून दोनेक तास झाल्यावरची वेळ मागितली. आई सोबत होती. सलीम अली पक्षी अभयारण्य जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटरचं, पण त्याच्या कडेकडेने वल्हवत जाताना मान कुठे वळवू असं होतं. चिखलावर निवट्या (चिखलात राहणारे छोटे मासे) पुढच्या परांवर रेटत चालल्यात, अंग ओलं असेपर्यंत मजेत बाहेर राहतात, दोघी समोरासमोर आल्या की पाठीवरचा पर ताठ. बाजूला चिमुकले खेकडे, नराची एक नांगी अंगापेक्षा मोठी, ती हलवून मादीला बोलावणं चाललंय, खायचं काम मात्र बिचाऱ्या छोट्या नांगीकडे. तिवराची मुळं पेन्सिली रोवल्यासारखी वर, कारण त्या गाळात हवाच नाही, श्वास इथूनच. होडीवाल्याने एक पान तोडून आईला दिलं, "बाय, चाटून पळय" (म्हणजे चाटून बघ). खारट! झाड पानातून मीठ बाहेर टाकतं. कांदळाचं बी तर झाडावरच रुजतं, त्या लांब शेंगा दिसतात ना, ती रोपंच, खाली पडली की गाळात उभी राहतात नाहीतर पाण्यावर तरंगत दुसरीकडे जातात. आईला इतकी वर्षं त्या नुसत्या शेंगाच वाटत होत्या (मलाही).

मगर बघायची असेल तर कुंभारजुव्याच्या कालव्याकडे जा, इथे त्या आशेने येऊ नका.

४ स्टार. एक कापला तो लाईफ जॅकेटच्या कुबट वासाचा. आणि अगदी तळाची ओहोटी पण मागू नका, परतताना आम्ही दहा मिनिटं गाळात रुतलो होतो आणि समोर फांदीवर खंड्या निवांत बसून बघत होता.