पितळ पॉलिशला देताना चुंबक हाताशी ठेवा

दिवाळीला पंधरा दिवस असताना नाशिकच्या जेल रोडवरच्या आमच्या सोसायटीत एक पॉलिशवाला टेम्पो घेऊन आला. पितळ, तांबं मशीनवर चकाचक करून, वर लॅकर, म्हणजे चमक टिकवणारा पारदर्शक थर, मारून घरपोच, १५० रुपये किलो. आईचं ताम्हण त्याने पायरीवर बसून तिथल्या तिथे घासून दिलं आणि पैसे घेतले नाहीत. ताम्हणात आईला स्वतःचा चेहरा दिसला, आणि आम्ही गळाला लागलो.

त्याला घंगाळ दिलं, आजीची समई दिली आणि बाबांची पुंगळी दिली. बाबा तोफखान्यात होते, शेवटची पोस्टिंग देवळालीला. २५ पाउंडर तोफेची ती रिकामी पितळी पुंगळी, म्हणजे बार उडाल्यावर उरणारं नळकांडं, तळावर ठोकलेल्या खुणा आणि त्यात १९४३ हा आकडा. बाबा ती चिंचेच्या कोळाने स्वतः घासायचे, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. म्हणून मी दोनदा बजावलं, "दादा, ही ॲसिडमध्ये बुडवायची नाही." "ताई, ॲसिडला आपण हातच लावत नाही, सगळं बफिंगचं काम, मशीनच्या चाकावर घासायचं." समोर वजन केलं, चिठ्ठी दिली.

चौथ्या दिवशी तो सगळं घेऊन परत आला. हे नीट लक्षात घ्या, तो माल घेऊन पळाला नाही. काट्यावर वजन दाखवलं, ते जवळजवळ तंतोतंत जुळलं. पैसे घेतले, चहा घेतला आणि गेला.

पुंगळी उलटी केली आणि पोटात खड्डा पडला. तळ आरशासारखा गुळगुळीत. १९४३ नाही, काहीच नाही. समईच्या बैठकीच्या कडेला आजीचं नाव कोरलेलं होतं, 'अनसूया', तेही गेलं. "जुनी अक्षरं आहेत ताई, बफला उतरतात," असं तो म्हणाला होता. पुंगळीवरचे आकडे तर खरोखरच घासले गेलेले, मग नावाबद्दल शंका कशी येणार? आज मला वाटतं, ते आकडे त्याने त्यासाठीच उतरवले.

वसुबारसेला समई लावायला घेतली. दांडा बैठकीवर फिरवताना पेच अडखळला. इतकी वर्षं तो दोन बोटांनी बसायचा. मुलाने फ्रिजवरचं चुंबक आणलं. दांड्याला ते लागेना, बैठकीला टक्कन चिकटलं. पितळाला चुंबक चिकटत नाही. भांडी बाजारातल्या ओळखीच्या दुकानदाराने खालचा पत्रा उचकटून दाखवला: लोखंडावर पितळेचा मुलामा आणि पोटात सिमेंट. वजन जुळलं ते असं. आजीची पितळी बैठक त्या पॉलिशवाल्याने ठेवून घेतली होती.

पुंगळी बदलली नव्हती, पण तिचे हाल केले. लॅकरखाली गुलाबी डाग दिसू लागले. पुंगळ्यांचं पितळ म्हणजे साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. कडक ॲसिडमध्ये जस्त आधी निघून जातं, वर तांबं उरतं, तोच हा गुलाबी रंग. परदेशात जे नेमबाज वापरलेली काडतुसं पुन्हा भरतात, ते पुंगळ्या अक्रोडाच्या टरफलांच्या चुऱ्यात घोळवून साफ करतात आणि अमोनिया असलेलं पॉलिश टाळतात. घडवताना आत ताण राहिलेलं पितळ अमोनियाने तडकतं. ब्रिटिश काळात पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेली काडतुसं अशीच तडकायची, कारण घोड्यांच्या मुतातला अमोनिया. बाबांची चिंच बरोबर होती.

चिठ्ठीवर पत्ता नव्हता, मोबाइल बंद. पोलिसांत अर्ज दिला आहे. दारावर कुणी आलं तर निदान एवढं करा: देण्याआधी प्रत्येक भागाचे, कोरलेल्या नावाचे फोटो काढा, आणि परत घेताना तो समोर असतानाच समईचे पेच उघडून प्रत्येक भागाला चुंबक लावा. काट्यावर अजिबात जाऊ नका. शक्यतो बाजारात बसलेल्या माणसाकडेच द्या, तो दुसऱ्या दिवशी तिथेच सापडतो.

आणि मोड घेणाऱ्या दुकानदारांना हात जोडून विनंती. समईची पितळी बैठक आली, कडेला 'अनसूया' असेल आणि 'सू'चा उकार थोडा चेचलेला असेल, तर ती भट्टीत टाकू नका. आई रोज विचारते.