नाउकास्ट की दामिनी? वादळ येताना काय बघायचं

मे-जूनमध्ये दुपारी सातपुड्यावर काळं आभाळ चढलं की आमच्या रावेर-यावलकडच्या केळीवाल्यांचा जीव टांगणीला लागतो, घड भरलेलं झाड वाऱ्यात पार आडवं होतं हो. हवामान खात्याचा नाउकास्ट म्हणजे पुढच्या ३ तासांचा अंदाज असतो, वाऱ्याचा वेगही सांगतो, म्हणजे बांबूचे टेकू बघायला, मोटर बंद करायला वेळ मिळतो, पण तो बहुतेक अख्ख्या जिल्ह्याचा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप तुम्ही उभे आहात तिथून २० आणि ४० किलोमीटरच्या आतली वीज दाखवतं, पण ते विजेपुरतंच. बाग वाचवायला मी नाउकास्टच बघतो, मजूर बागेत असले की मात्र दामिनी, ॲपवरचे विजेचे ठिपके जवळ सरकले की सगळे पक्क्या घरात, झाडाखाली कोणीच थांबायचं नाही.