अंकी: हिशेबाच्या इंग्रजीसाठी उत्तम, पण तयार डेक नकोत

वाणिज्य शाखा मराठीतून केलेल्यांना घसारा, तेरीज, ऋणको, धनको हे सगळं पक्कं येत असतं. अडतं ते डिप्रिसिएशन, ट्रायल बॅलन्स, डेटर, क्रेडिटर हे शब्द ऐनवेळी तोंडात येण्यात. त्या कामाला अंकी हे फ्लॅशकार्डांचं (एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर) सॉफ्टवेअर भरवशाचं आहे. विसरायच्या बेतात आलेलं कार्ड ते पुन्हा समोर आणतं, एवढीच त्याची करामत. 2006 पासून आहे. संगणकावर फुकट आणि अँड्रॉइडवरचं अंकीड्रॉइडही फुकट. आयफोनवर मात्र एकदाच साधारण 25 डॉलर मोजावे लागतात. अंकीच्या नावाशी मिळतंजुळतं नाव लावून वर्गणी मागणारी दुसरी ॲप्स आहेत, ती ही नव्हेत.

बिझनेस इंग्लिशचे तयार डेक, म्हणजे कार्डांचे गठ्ठे, फुकट मिळतात, पण त्यांच्या नादी लागू नये. त्यात बहुधा एका शब्दापुढे एकच अर्थ असतो आणि हिशेबाच्या भाषेत तिथेच घात होतो. बँकेच्या मेसेजमधलं क्रेडिट म्हणजे जमा, तर दुकानदाराचं ‘ऑन क्रेडिट’ म्हणजे उधारीवर. टर्नओव्हर आपल्याकडे उलाढाल. अमेरिकी मेलमध्ये तोच शब्द बहुधा माणसं नोकरी सोडून जाण्याबद्दल असतो, उलाढालीला ते रेव्हेन्यू म्हणतात. आउटस्टँडिंग बिल थकलेलं असतं, उत्कृष्ट नव्हे!

म्हणून कार्डं स्वतः करावीत, तीही वाक्यासकट. ‘क्लोझ’ प्रकार निवडा, कामातल्या मेलमधलं वाक्य टाका, शब्द निवडून कंट्रोल-शिफ्ट-सी दाबा. तिथे गाळलेली जागा तयार होते. नमुना: ‘द बँक हॅज … द लोन’. उत्तर ‘रिटन ऑफ’, आणि खाली टीप: निर्लेखन, म्हणजे ताळेबंदातून काढलं, वसुली चालूच, कर्जमाफी म्हणजे वेव्हर. वर्तमानपत्रांतही या दोहोंची गल्लत होते, त्यामुळे ही टीप हवीच. शब्दासोबत त्याचं शेपूटही झाका: इन्व्हेस्ट ‘इन’, इंटरेस्ट ‘ऑन’. नुसता शब्द पाठ होतो आणि मेल लिहिताना गाडी ‘इन’ की ‘ऑन’वर अडते.

कार्डावर उच्चार देवनागरीत लिहू नका. ‘डेट’ म्हणजे कर्ज की तारीख? दोन्ही तसंच लिहावं लागतं. त्यापेक्षा कार्डाच्या साच्यात टीटीएस (मजकूर मोठ्याने वाचणारी सोय) घाला, फोनच वाचून दाखवतो. डेटमधला बी आणि रिसीटमधला पी मूक आहेत, हे ऐकूनच पक्कं बसतं.

सुरुवातीला रोज 20 नवी कार्डं ठरलेली असतात. नोकरी करणाऱ्याला ती जड जातात, कारण काही आठवड्यांत रोजची उजळणी नव्या कार्डांच्या सात ते दहा पट होते. 8 वर आणा. उजळणी साठ-ऐंशीच्या आसपास राहते, दहा-पंधरा मिनिटांचं काम. शब्द आठवला नाही तर ‘अगेन’च दाबा. पुष्कळ जण लाजेखातर ‘हार्ड’ दाबतात. अंकी ते ‘आठवलं, पण कष्टाने’ असं धरतं आणि कार्ड पुढे ढकलतं. आठ वेळा विसरलेल्या कार्डावर ‘लीच’, म्हणजे जळू, असा शिक्का बसतो. अशी कार्डं बहुधा जोडीची निघतात: डेटर-क्रेडिटर किंवा डिप्रिसिएशन-अमॉर्टायझेशन. घोकत बसू नका, दोन्ही एकाच वाक्यात घालून नवं कार्ड करा: यंत्राला डिप्रिसिएशन, पेटंटला अमॉर्टायझेशन.

उणिवा आहेतच. दिसायला रुक्ष, सेटिंगं डोकं खाणारी, आणि तुम्ही लिहिलेला मेल ते तपासणार नाही. सिंक, म्हणजे फोन आणि संगणकावरची कार्डं सर्व्हरमार्फत सारखी ठेवणं, फुकट असलं तरी कार्डाच्या साच्यात फील्ड (रकाना) वाढवलं की पुढच्या वेळी ते हातातल्या उपकरणावरची प्रत ठेवू की सर्व्हरवरची, असं विचारतं आणि दुसरी पुसतं. त्यामुळे साच्याला हात लावण्याआधी दोन्हीकडे सिंक करून घ्या.