पहिली कथा: दिवाळी अंकाकडे की थेट ई-पुस्तकात?

कथा लिहून झाल्यावर ती दिवाळी अंकाच्या संपादकांकडे पाठवावी, की ‘प्रतिलिपी’सारख्या ऑनलाइन मंचावर किंवा ई-पुस्तक करून स्वतःच प्रकाशित करावी, हा प्रश्न आज लिहू लागलेल्या बहुतेकांना पडतो.

वेगात या दोन वाटांची तुलनाच नाही. मंचावर कथा त्याच दिवशी वाचकांपुढे जाते. ॲमेझॉनच्या किंडल या ई-पुस्तक सेवेवर प्रकाशकाच्या होकाराची गरज नसते आणि काही अटी मान्य केल्यास ७० टक्क्यांपर्यंत स्वामित्वधन (रॉयल्टी) मिळते. दिवाळी अंकासाठी मात्र कथा पावसाळ्यातच द्यावी लागते, उत्तर कधी कधी येतच नाही आणि मानधन बेताचे असते.

तरीही माझा कल अंकाकडे आहे, आणि त्याचे कारण १९०९ च्या ‘मनोरंजन’ मासिकाच्या दिवाळी अंकापासून चालत आलेली प्रतिष्ठा हे नाही. ‘सत्यकथा’ मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना सविस्तर पत्रे लिहून कथेवर पुन्हा काम करायला लावत. ते काम कोणतेही यंत्र करून देत नाही. माझी एक कथा परत आली, तेव्हा शेवटच्या परिच्छेदाशेजारी पेन्सिलीची उभी रेघ होती आणि खाली लिहिले होते, ‘आईने डबा धुऊन पालथा घातला, तिथेच कथा संपली.’ पुढच्या अकरा ओळींत मी आईचे दुःख वाचकाला समजावून सांगत बसलो होतो. स्वतः प्रकाशित केली असती, तर त्या ओळी तशाच राहिल्या असत्या, आणि ओळखीच्यांनी त्यांचेच कौतुक केले असते.

अर्थात संपादकांची अभिरुची कुंपणही होऊ शकते. १९६९ मध्ये लेखक राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांनी ‘सत्यकथे’च्या अंकाची होळी केली, त्यामागची तक्रार खरी होती, वेगळ्या भाषेत लिहिणाऱ्यांना आपले अंक आपणच काढावे लागले. म्हणून कथा अहिराणीत किंवा झाडीबोलीत असेल आणि संपादक तिच्यापाशी अडखळत असतील, किंवा ती भागाभागांनी वाचायची रहस्यकथा असेल, तर मंच निःसंकोच निवडावा.

पदरचे पैसे भरून पाचशे प्रती छापण्याची तिसरी वाट मी सुचवणार नाही. विक्रीची व्यवस्था नसेल, तर गठ्ठे घरातच राहतात.

क्रम मात्र सांभाळावा. मंचावर आलेली कथा अनेक संपादक पूर्वप्रकाशित म्हणून नाकारतात, त्यामुळे आधी एका अंकाकडे पाठवावी आणि दिवाळीपर्यंत होकार आला नाही, तर पुन्हा एकदा वाचून मंचावर द्यावी.