जुनी पेटी विकताना ॲपचा सात महिन्यांचा अनुभव (आधी १ स्टार, आता ३)

मे महिन्यात रागाच्या भरात एक स्टार दिला होता, आता तीन करतोय, का ते सांगतो.

एप्रिलात बाबांची पेटी, म्हणजे हार्मोनियम, विकायला टाकली. ३९ पट्ट्या, खर्ज-नर डबल सूर (म्हणजे प्रत्येक पट्टीला आत धातूच्या दोन जिभा, त्यांनाच सूर म्हणतात), बाकी दुरुस्तीला आलेली. भाता कोपऱ्यात फाटलाय, आतलं फेल्ट कसरीने खाल्लंय आणि काळी चार (सप्तकातली चौथी काळी पट्टी) दाबली की शेजारची पट्टीपण कण्हते. दुरुस्तीवाल्याने साडेसहा हजार सांगितले. त्यात तो प्रामाणिकपणे म्हणाला की विकायचीच असेल तर करू नका, घेणारा आपल्या माणसाकडून परत सूर लावून घेणारच. ते पटलं, पैसे वाचले.

जाहिरातीला नाव दिलं ‘जुनी पेटी विकणे आहे’. एप्रिलात गोव्यात पेटी म्हटलं की लोकांना काय दिसतं हे डोक्यातच आलं नाही. पहिला मेसेज, ‘मानकुराद काय हापूस?’ दुसरा, ‘लास्ट कितलें?’ आणि ॲपने स्वतःच्या अकलेने ती फर्निचरमध्ये टाकलेली, त्यामुळे म्हापशाच्या एक बाई विचारतायत साड्या किती मावतील! वाद्यांत बघावं तर गिटार, कीबोर्ड, ड्रम, बाकी सगळं ‘इतर’. बोरीच्या हार्मोनियमवादक तुळशीदास बोरकरांच्या गोव्यात हार्मोनियम ‘इतर’? बरं, तिथे तरी हलवा म्हटलं तर हलत नाही, नवीन जाहिरात टाका म्हणे. सपोर्टला अकरा मेल केले, अकराही वेळा तेच ‘आपल्या गैरसोयीबद्दल खेद आहे’. दर सोमवारी देवळात भजनाला जाणारी पेटी आणि हे फर्निचर म्हणतायत, त्या दिवशी एक स्टार ठोकला. वर १९९ रुपये देऊन ‘बूस्ट’ केलं तेसुद्धा फर्निचरमध्येच झालं.

मग झक मारत नवी जाहिरात टाकली, ‘हार्मोनियम, दुरुस्ती लागेल’. आता वेगळीच जत्रा. एकाने फोनवर फौजी असल्याचं सांगून क्यूआर कोड पाठवला, स्कॅन करून पिन टाका, पैसे येतील. पैसे यायला पिन लागत नाही हो, पिन टाकला की जातात. आसगावच्या एका कॅफेवाल्याला काउंटरवर शोभेला हवी होती, वर कुंड्या ठेवणार होता, त्याला नाहीच म्हटलं. बायको कितीतरी दिवस म्हणत होती चार हजार सोडलेस.

माझा हिशेब होता की श्रावणात वास्कोचा दामोदर सप्ताह, अखंड भजनाचा उत्सव, त्याआधी एखादं भजनी मंडळ नक्की घेईल. साफ चुकला. सप्ताह तोंडावर असताना फाटक्या भात्याची पेटी कोण घेणार, त्यांना त्याच दिवशी वाजणारी लागते. वर पावसाने लाकूड फुगून पट्ट्या अडकायला लागल्या, बघायला आलेले दोघं तशाच बघून गेले.

दिवाळीनंतर जाहिरात बदलली. फोटो कमी केले आणि काय काय बिघडलंय ते सगळं लिहिलं, काळी चारसकट. ॲपवर आवाज टाकता येत नाही (हे पण एक!), म्हणून विचारेल त्याला व्हॉट्सॲपवर एका एका पट्टीचा आवाज पाठवला.

आठवड्यात पेडण्याहून एक निवृत्त मास्तर कदंबाच्या बसने आले. चहासुद्धा नंतर म्हणाले. एकही पट्टी न दाबता भाता भरला आणि तो किती वेळात बसतो ते बघत राहिले. मग वरची फळी काढून टॉर्च मारला, एका सुरावर नख फिरवलं. ‘गंज वरवरचा आहे, सूर मोडलेला नाही. काळी चारचं काही नाही, शेजारच्या पट्टीखालचं चामडं नीट बसत नाहीये.’ दुरुस्तीवाल्याला हे दिसलं नव्हतं! मी बारा हजार मागत होतो, साडेपाचला दिली, आणि त्यांनी मागितली नव्हती तरी जुनी खोळही मी दिली.

म्हणजे गिऱ्हाईक शेवटी ॲपवरच मिळालं, म्हणून दोन स्टार वाढवले. बूस्टचे १९९ परत मागितलेत, बारावा मेल परवाच टाकला. ते आले तर चौथा देईन.