मीटरला बॅटरीच नसते, तरी बिलात बॅटरीचे 250 रुपये

बडोद्यात दांडिया बाजारात राहणाऱ्या एका काकांनी वडिलांचा वेस्टन मास्टर लाइट मीटर, म्हणजे फोटो काढण्याआधी उजेड मोजायचं यंत्र, दुरुस्तीला दिला होता. भर उन्हातही काटा जेमतेम अर्ध्यावर जायचा. बिल आलं 1,650 रुपयांचं: नवा सेल (उजेड टिपणारा भाग) 1,400, बॅटरी 250. दुकानदाराने बाहेर उन्हात धरून दाखवला, काटा नेमका जागेवर. काकांनी पैसे मोजले. पुढच्या रोलमध्ये उन्हातले फोटो ठीक आले, सावलीतले सगळे काळे.

हा मीटर सेलेनियमचा. उजेड पडला की सेल स्वतःच वीज तयार करतो आणि तीच काटा हलवते. बॅटरी बसवायला आत जागाच नसते. लेनिनग्राड-4 या सोव्हिएत मीटरचंही तसंच. तेव्हा अशा मीटरच्या बिलात बॅटरी दिसली, की तिथेच थांबा.

सेलही बदललेला नव्हता. मागच्या, काटा शून्यावर आणायच्या स्क्रूची खाच ताजी खरवडलेली, आतलं पितळ चकाकत होतं. सेल अशक्त झाला की काटा कमी सरकतो. मग स्क्रू फिरवून काटा आधीच पुढे ढकलायचा, म्हणजे उन्हात आकडा जुळतो. पण सावलीत तो आहे त्यापेक्षा जास्त उजेड दाखवतो आणि फिल्मला उजेड कमी पडतो.

मीटर ताब्यात घेण्याआधी दुकानातच सेल तळहाताने पूर्ण झाका. काटा शून्यावर यायलाच हवा. उन्हात आयएसओ 100 (फिल्मचा वेग) ला एफ/16 (लेन्सचं छिद्र) आणि 1/125 सेकंद (शटर) च्या आसपास आकडा यावा, पण तेवढ्यावर विश्वास ठेवू नका. फसवणूक नेमकी तिथेच लपते. खरी परीक्षा घरी, अंधाऱ्या खोलीत. एक उघडा बल्ब लावा, मीटर 1 मीटरवरून आणि मग 2 मीटरवरून त्याच्याकडे धरा. सेलवरचं जाळीचं झाकण दोन्ही वेळा एकाच स्थितीत हवं. अंतर दुप्पट म्हणजे उजेड चौथा हिस्सा, म्हणून फरक 2 स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). भिंती फार पांढऱ्या असतील तर थोडा कमी येईल. शून्य सरकवलेल्या मीटरमध्ये तो बराच कमी येतो.

बऱ्याचदा दोष सेलचा नसतोच. पावसाळ्याच्या दमटपणाने सेलला टेकणाऱ्या पत्र्याच्या पट्टीवर गंज चढतो. ती पट्टी खोडरबरने हलक्या हाताने घासा, कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब घेऊन पुसा. सेलच्या दर्शनी बाजूला अल्कोहोल किंवा बोट लावू नका, वरचा पातळ थर उतरतो. मल्टिमीटर ओहमवर (रोध मोजायच्या खुणेवर) ठेवून काट्याची कॉइल, म्हणजे काटा हलवणारी तारेची गुंडाळी, तर कधीच तपासू नका. त्या करंटने काटा आपटतो, नाजूक कॉइल जळूही शकते.

सेल खरंच गेला असेल, तर बदलायला देताना जुना सेल परत हवा असं आधीच सांगा आणि पावतीवर लिहून घ्या. काकांनी ते सांगितलं नव्हतं. बॅटरीचे 250 तेवढे परत मिळाले. 1,400 साठी दुकानदार अजून म्हणतो, सेल नवाच आहे.