नोस्फेराटू (1922) ब्लू-रे : निळ्या रात्री असलेलीच प्रत घ्या

व्हॅम्पायर उन्हात मरतो, हे आज शेंबडं पोरही सांगेल. पण ब्रॅम स्टोकरच्या 1897च्या कादंबरीत असं काही नाही. तिथला ड्रॅक्युला दिवसाही फिरतो, फक्त त्याची शक्ती कमी होते. उन्हाचा नियम रुजवला तो त्याच कादंबरीवर बेतलेल्या, दिग्दर्शक मुर्नाऊच्या या मूकपटाने, आणि म्हणूनच प्रत पारखून घ्यावी लागते.

त्या काळी रात्रीची दृश्यं दिवसाउजेडी टिपत आणि प्रिंट निळ्या रंगात बुडवत. निळा म्हणजे रात्र, पिवळा म्हणजे दिवस किंवा दिव्याचा उजेड, गुलाबी म्हणजे पहाट. नेटवर फुकट मिळणाऱ्या कितीतरी प्रती नुसत्या कृष्णधवल आहेत. त्यांत सिनेमातला व्हॅम्पायर, काउंट ऑर्लॉक, शवपेटी काखेत मारून लख्ख उन्हात गावातून चालतो आणि शेवटी त्याच उन्हाने मरतो! सिनेमाचा कणाच मोडतो.

युरेका या ब्रिटिश कंपनीच्या ‘मास्टर्स ऑफ सिनेमा’ मालिकेतली 2013ची डिस्क घ्या. तिच्यावर जुने जर्मन सिनेमे जपणाऱ्या मुर्नाऊ प्रतिष्ठानने 2005-06 साली दुरुस्त केलेली प्रत आहे: रंग जागच्या जागी, लांबी सुमारे 94 मिनिटं, हान्स एर्डमानचं मूळ संगीत नव्याने जुळवलेलं. ओरखडे दिसतात. पण कादंबरी परवानगीशिवाय वापरल्याच्या स्टोकरच्या पत्नीच्या दाव्यामुळे 1925 साली ज्याच्या प्रती नष्ट करायचा हुकूम निघाला, तो सिनेमा इतका नितळ दिसतो हेच मोठं आहे.

ब्लू-रे डिस्क ठरावीक प्रदेशाच्या (रीजनच्या) प्लेअरवरच चालते; ही रीजन बीची आहे, भारत रीजन सीमध्ये येतो. मल्टी-रीजन प्लेअर नसेल तर पैसे घालवू नका. टीव्हीचं मोशन स्मूदिंग बंद ठेवा. सिनेमा सेकंदाला 18 फ्रेम्सचा, डिस्कचा वेग त्याहून जास्त, त्यामुळे काही फ्रेम्स दोनदा येतात. स्मूदिंग चालू असेल तर टीव्ही दोन फ्रेम्सच्या मधे स्वतःच्या फ्रेम्स घुसडतो आणि ऑर्लॉक जहाजाच्या तळात ताठ उठतो तेव्हा त्याच्या कडा वितळल्यासारख्या दिसतात. चित्र 4:3च ठेवा. कलर वाढवलेला असेल तर कमी करा, नाहीतर शेवटची गुलाबी पहाट पिवळ्यात हरवते.

त्या शेवटात नायिका एलेनच्या खोलीतला आरसा नीट पाहा, ऑर्लॉक त्यात दिसतो. आरशात न दिसणं हा स्टोकरचा नियम, मुर्नाऊने तो पाळलेला नाही. दातही पुढे उंदरासारखे आहेत, कारण हा प्लेग घेऊन येणारा व्हॅम्पायर आहे. बाजूच्या सुळ्यांची सवय नंतरच्या सिनेमांनी लावली.

दृश्यांमधल्या संवादांच्या पाट्या मूळ जर्मन, सबटायटल्स इंग्रजी. सोबतचा 53 मिनिटांचा माहितीपट सिनेमानंतरच लावा, त्यात शेवट उघड होतो.